चिंतामणराव देशमुख, १९६९ आणि न मोजलेली दुसरी पसंती

रानजाई:
१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे आकडे घेऊन बसले आहे आणि एक प्रश्न सुटत नाहीये, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. मे १९६९ मध्ये झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी 'अंतरात्म्याच्या आवाजा'नुसार मत द्या असं सांगून त्यांची वाट मोकळी केली. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

यात मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीची मतं (मूल्यात): गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. बाकीच्यांची किरकोळ. एकूण वैध ८,३६,३३७, म्हणजे कोटा (जिंकायला लागणारी, निम्म्याहून जास्त मतं) ४,१८,१६९. कुणीच तिथे पोचलं नाही. खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही. त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला.

प्रश्न असा: गिरी आणि रेड्डी यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती कुणी मोजलीच नाही, कारण नियमात ती मोजायची गरजच पडली नाही. समजा रेड्डींच्या सगळ्या मतदारांना गिरींपेक्षा देशमुख बरे वाटत असतील, तर ३,१३,५४८ अधिक १,१२,७६९ म्हणजे ४,२६,३१७. हे कोट्याच्या वर आहे! मग बहुमत नक्की कुणाकडे होतं? आणि 'बहुमताची इच्छा' नावाची काही गोष्ट मोजणीच्या नियमाआधी अस्तित्वात असते तरी का?

सदू_पेठकर:
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

अक्षांश:
छान विषय. 'मूल्यात' म्हणजे काय ते नवीन वाचकांसाठी: या निवडणुकीत खासदार-आमदार मतदान करतात आणि प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं. १९६९ साली एका खासदाराचं मत ५७६ चं होतं. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरतं. त्यामुळे आठ लाख म्हणजे आठ लाख माणसं नव्हेत.

पद्धतीचं अधिकृत नाव एकल संक्रमणीय मत. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मतदान केलंय त्यांना पसंतीक्रमाचे आकडे लिहिणं ओळखीचं असेल.

कडूलिंब:
आणि जून २०२२ ची राज्यसभा विसरलात का? संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३, धनंजय महाडिकांना २७, आणि निवडून आले महाडिक. त्या रात्री आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना वाटलं मतमोजणीत घोटाळा झाला. घोटाळा काही नव्हता. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ होती, कोटा ४१ च्या आतबाहेर, जादाची मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे उतरली.

रानजाई:
@कडूलिंब, बरोबर. पण तिथे अनेक जागा होत्या, जादा मतं वाहणं हा त्या पद्धतीचा हेतूच आहे. माझा प्रश्न एका जागेचा आहे. (कोणत्या पक्षाने काय केलं त्यावर इथे वाद नको, प्लीज. धागा लगेच वाहून जातो.)

सांख्यिक_काका:
रानजाई, तुमचा प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या तोंडावर दोन माणसं यावरच भांडत होती. एक नौदल अधिकारी बोर्दा, दुसरा मार्क्विस द कोंदोर्से. बोर्दा म्हणे, प्रत्येकाने क्रम लावावा, क्रमाला गुण द्यावेत, बेरीज करावी. कोंदोर्से म्हणे, प्रत्येक जोडीची समोरासमोर कुस्ती लावा. जो प्रत्येकाला हरवेल तोच खरा विजेता.

१७८५ च्या ग्रंथात कोंदोर्सेलाच दिसलं की असा विजेता दर वेळी असेलच असं नाही. तीन मतदार, तीन पर्याय. पहिल्याचा क्रम अ-ब-क, दुसऱ्याचा ब-क-अ, तिसऱ्याचा क-अ-ब. दोघांना ब पेक्षा अ हवा, दोघांना क पेक्षा ब हवा, आणि दोघांना अ पेक्षा क हवा. प्रत्येक माणूस स्वतःशी सुसंगत, पण तिघं मिळून गोल गोल फिरतात.

कोंदोर्सेचा शेवट वाईट झाला. १७९४ मध्ये क्रांतिकारकांच्याच तुरुंगात गेला. १७९० मध्ये बायकांना मताधिकार हवा असं लिहून ठेवणारा माणूस.

वैदेही_ठाणे:
काका, हे गोल फिरणं मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत डोळ्यांनी पाहिलंय.

इमारत जुनी. पर्याय तीन: मोठी दुरुस्ती, बिल्डरकडून पुनर्विकास, किंवा स्वयंपुनर्विकास म्हणजे कर्ज काढून आपणच बांधायचं. ज्येष्ठ मंडळींना दुरुस्ती हवी. पाडायचीच असेल तर निदान आपल्या ताब्यात राहू दे, बिल्डर नको. लहान फ्लॅटवाल्या तरुण कुटुंबांना स्वयंपुनर्विकास, नाहीतर बिल्डर, दुरुस्ती अजिबात नको, कारण त्यात जागा वाढत नाही. आणि फ्लॅट भाड्याने देऊन दुसरीकडे राहणाऱ्यांना बिल्डर. तो नसेल तर आहे ते डागडुजी करून चालू दे, कर्जाची जबाबदारी नको.

तिन्ही गट साधारण सारखे. आता जोड्या लावून बघा. दुरुस्ती स्वयंपुनर्विकासाला हरवते, स्वयंपुनर्विकास बिल्डरला हरवतो आणि बिल्डर दुरुस्तीला हरवतो. प्रत्येक सभेत वेगळाच ठराव बहुमताने मंजूर, आणि पुढच्या सभेत लोक म्हणणार, 'मागच्या वेळी फसवलं.' कुणीच फसवलं नव्हतं.

अक्षांश:
@वैदेही, म्हणजे सचिवाच्या हातात सगळं आलं की. 'आधी बिल्डर की स्वयंपुनर्विकास ते ठरवू, मग त्याची दुरुस्तीशी तुलना करू' असं म्हटलं की दुरुस्ती जिंकणार. 'आधी दुरुस्ती की स्वयंपुनर्विकास' असं म्हटलं की शेवटी बिल्डर. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या विषयांचा क्रम हाच निकाल.

वैदेही_ठाणे:
अगदी. आणि ५१ टक्के संमतीची अट (२०१९ च्या शासन निर्णयानंतरची) एका पर्यायाला हो की नाही एवढंच विचारते. तीन पर्यायांतून कोणता, हे ती विचारतच नाही.

चिंगीची_आई:
आमच्याकडे हा प्रश्न नाही. घरात एक हुकूमशहा आहे, वय वर्षे चार. जेवायला कुठे जायचं ते तीच ठरवते आणि निर्णय कायम सुसंगत असतो: डोसा.

सांख्यिक_काका:
@चिंगीची_आई, हसू आलं, पण तुम्ही ॲरोचा सिद्धांत एका वाक्यात सांगितलात!

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोने १९५१ मध्ये विचारलं: असा कुठलाही नियम आहे का, जो लोकांच्या कुठल्याही क्रमांवरून समाजाचा एक सुसंगत क्रम बनवेल? अटी साध्याच ठेवल्या. सगळ्यांना अ हा ब पेक्षा बरा वाटत असेल तर समाजालाही वाटावा. अ आणि ब यांची तुलना करताना लोक क विषयी काय म्हणतात ते आड येऊ नये. आणि ज्याचा क्रम कायम समाजाचा क्रम ठरतो असा कुणी एकटा नसावा. पर्याय तीन किंवा जास्त असले की या अटी एकत्र पाळणारा नियम नाहीच. अजून सापडलेला नाही असं नव्हे, असूच शकत नाही. १९७२ मध्ये ॲरोला नोबेल मिळालं, तेव्हा तो ५१ वर्षांचा होता.

दोनच पर्याय असतील तर मात्र साधं बहुमत निर्दोष चालतं.

तिसरी_घंटा:
ती मधली अट, 'क आड येऊ नये', माझ्या अनुभवातली आहे. एकांकिका स्पर्धांचं परीक्षण करते. समजा पाच परीक्षक आहेत, तीन नाटकं. प्रत्येकाने क्रमांक द्यायचे, बेरीज सगळ्यात कमी त्याला करंडक. तिघांचा क्रम अ-ब-क, दोघांचा ब-क-अ. बेरीज करा: अ ला ९, ब ला ८, क ला १३. करंडक ब ला. आता क ची संहिता परवानगीविना केलेली निघाली म्हणून ते बाद झालं, तर अ ला ७ आणि ब ला ८. करंडक अ ला! अ किंवा ब बद्दल एकाही परीक्षकाचं मत बदललेलं नाही.

आणि कुणाला अ ला पाडायचंच असेल तर तो त्याला मुद्दाम शेवटचा क्रमांक देतो. हे होतं. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

सांख्यिक_काका:
@तिसरी_घंटा, हाच आक्षेप बोर्दावर त्याच्या काळातच आला. त्यावर 'माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे' असं तो म्हणाला, असं सांगतात. पुढे गिबर्ड (१९७३) आणि सॅटरथ्वेट (१९७५) यांनी दोन स्वतंत्र वाटांनी दाखवलं की तीन किंवा जास्त पर्याय असताना, ज्यात खोटी पसंती लिहून कधीच फायदा होत नाही असा नियम एकट्याची हुकूमशाहीच असतो. (चिठ्ठ्या टाकून निवड करणं वेगळं.) तुमच्या सहपरीक्षकांच्या सचोटीचा प्रश्न आहेच, पण दार नियमातच उघडं आहे.

सदू_पेठकर:
आलो. आत्तापर्यंतचं सगळं वाचलं. मला मुळात एक गृहीतकच पटत नाही. 'प्रत्येक माणूस स्वतःशी सुसंगत' हे कुणी ठरवलं? गर्दीचं नंतर बघू, एकटा माणूस तरी तसा असतो का?

मोरिस आले या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचा प्रयोग घ्या, १९५० च्या सुमाराचा. रुपयांत सांगतो. पहिला प्रश्न: (१) १ कोटी नक्की, की (२) ८९ टक्के शक्यता १ कोटीची, १० टक्के ५ कोटींची, १ टक्का शून्याची? दुसरा प्रश्न: (३) ११ टक्के शक्यता १ कोटीची, की (४) १० टक्के शक्यता ५ कोटींची? बहुतेक लोक (१) आणि (४) घेतात. पहिल्या प्रश्नाच्या दोन्ही पर्यायांतून ८९ टक्के १ कोटी हा समान भाग वजा केला तर उरतो तो दुसराच प्रश्न, म्हणजे (१) घेणाऱ्याने (३) घ्यायला हवं. अपेक्षित उपयुक्ततेचं (प्रत्येक निकालाचं मोल त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज करायची) शास्त्र मांडणारा सॅव्हेज स्वतः आलेसमोर या सापळ्यात अडकला होता, आणि मग १९५४ च्या पुस्तकात त्याने आपली पसंती विचारपूर्वक बदलली.

मी (१) आणि (४) च घेईन आणि बदलणार नाही. नक्की मिळणारा १ कोटी हातचा घालवल्याची हळहळ ही खरी किंमत आहे. ती गणितात नसेल तर गणित अपुरं आहे.

मास्तर_परभणी:
पेठकर, १०० टक्के सहमत. शेतकऱ्याला 'जोखीम घ्या, सरासरी उत्पन्न जास्त आहे' असं सांगणारे खूप भेटतात. सरासरी दहा वर्षांनी येते, सावकार याच वर्षी येतो.

अक्षांश:
@मास्तर, पण याला असमंजसपणा म्हणू नये. तळाचं नुकसान परवडत नसेल तर खात्रीचं पीक घेणं हीच समजदारी. हर्बर्ट सायमन यावरच बोलत आला: माणूस सगळे पर्याय मोजून सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसा चांगला सापडला की थांबतो, कारण शोधण्यालाही वेळ आणि डोकं लागतं.

कडूलिंब:
म्हणजे एकटा माणूसही धड नाही आणि गर्दीही धड नाही. मग मतदान कशाला करायचं?

बोस्टनकर:
@कडूलिंब, थांबा, निराश होऊ नका. रानजाईंच्या प्रश्नाला अमेरिकेतलं एक जिवंत उदाहरण आहे. आमच्या शेजारच्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराची २००९ ची महापौर निवडणूक. पद्धत तीच, पसंतीक्रमाची. पहिल्या पसंतीत रिपब्लिकन राइट २,९५१, प्रोग्रेसिव्ह किस २,५८५, डेमोक्रॅट मॉन्ट्रोल २,०६३. मॉन्ट्रोल बाद, आणि शेवटी किस ४,३१३ विरुद्ध राइट ४,०६१ अशी किसची जीत.

फरक एवढाच की तिथे सगळ्या मतपत्रिकांची माहिती उपलब्ध झाली. लोकांनी जोड्या लावून पाहिल्या. मॉन्ट्रोल समोरासमोर राइटलाही हरवत होता आणि किसलाही! कोंदोर्सेच्या अर्थाने विजेता तोच, आणि पद्धतीने त्यालाच आधी बाहेर काढलं. मधला माणूस सगळ्यांची दुसरी पसंती होता, पण पहिली पसंती कमी जणांची. पुढच्याच वर्षी शहराने मतदान घेऊन ती पद्धत रद्द केली.

रानजाई:
हेच! मला हेच म्हणायचं होतं. चिंतामणराव आपले मॉन्ट्रोल तर नव्हते?

मास्तर_परभणी:
यावर मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही सगळे धरून चाललाय की लोक आपापले क्रम घरून ठरवून आणतात आणि सभेत फक्त मोजणी होते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला. त्यासाठी अभ्यासगट आहेत, तिथे बसून आधी विषय समजून घेतात, मग ग्रामसभा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक.

अक्षांश:
@मास्तर, मेंढ्याबद्दल आदर आहे, पण शहरात हे चालवलं तर एकच माणूस नकाराधिकार घेऊन बसतो. वैदेहींच्या सोसायटीत एकमत मागा. छत पडेपर्यंत आहे तेच राहील. एकमताचा नियम तटस्थ नसतो, तो 'जैसे थे'च्या बाजूचा असतो.

मास्तर_परभणी:
हे खरं आहे, आणि म्हणूनच अभ्यासगट महत्त्वाचे. नुसता नकाराधिकार दिला आणि बोलायची जागा दिली नाही तर तुमचं म्हणणं तंतोतंत होईल. पण जिथे लोकांना उद्याही एकाच जंगलात जायचंय, तिथे नाही म्हणणाऱ्यालाही कारण सांगावं लागतं.

वैदेही_ठाणे:
@अक्षांश, आमच्याकडे काय झालं ते सांगायचं राहिलं. चक्र मतदानाने तुटलं नाही. सभा थांबवून इमारतीची संरचना तपासणी करून घेतली. अहवालात आलं की दुरुस्ती फार काळ टिकणार नाही. मग ज्येष्ठांनी स्वतःहून तो पर्याय सोडला, पण बदल्यात अट घातली: बांधकामाच्या काळात लांब राहायला जायचं नाही, आणि भाडं आगाऊ. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना डायलिसिसच्या ठिकाणाजवळ राहणं गरजेचं आहे, हे त्या सभेत पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. त्या एकीचा तोटा आणि माझी दहा फूट जादा जागा यांची किंमत सारखी नाही, हे हात वर करून कधीच कळलं नसतं.

सांख्यिक_काका:
वैदेही, तुमच्या काकू म्हणजेच अमर्त्य सेन यांचा ॲरोला दिलेला प्रतिसाद. १९७० च्या पुस्तकापासून ते हेच मांडत आलेत: ॲरोची चौकट फक्त क्रम बघते. कुणाला किती लागतं, कुणाचं किती बुडतं, हे त्यात शिरतच नाही. सेन यांचं उदाहरण: तिघांत एक केक वाटायचाय. दोघं मिळून तिसऱ्याचा वाटा कमी करून आपसात वाटून घेऊ शकतात, बहुमत त्यांच्याच बाजूने. तो तिसरा तिघांतला सगळ्यात गरीब असला तरी! नियम वाईट की माहिती अपुरी, हे आधी बघावं. माहितीची कवाडं उघडली, माणसामाणसातल्या सुखदुःखाची थोडी जरी तुलना मान्य केली, तर ॲरोच्या भिंतीला वाट सापडते.

म्हणून @कडूलिंब, ॲरोचा सिद्धांत 'लोकशाही अशक्य' असं म्हणत नाही. नुसत्या क्रमांच्या मोजणीकडून किती मागायचं, याची मर्यादा तो दाखवतो.

कडूलिंब:
पटलं. वाचनखूण साठवली.

निवांत_वाचक:
सगळे भरकटलात (छान भरकटलात), पण रानजाईंचा मूळ प्रश्न तसाच आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बघा पटतं का.

देशमुख कोंदोर्से विजेते ठरायचे तर त्यांनी समोरासमोर गिरींना हरवायला हवं. गिरी ४,०१,५१५, देशमुख १,१२,७६९, अंतर २,८८,७४६. हे अंतर भरणार कुठून? रेड्डींच्या ३,१३,५४८ मधून. म्हणजे रेड्डींच्या मतांपैकी किमान ९२ टक्के मतांवर गिरींच्या वर देशमुख हवेत, आणि तेही उरलेल्यांपैकी एकानेही गिरींना वर ठेवलं नसेल तरच. सगळ्यांनी दोघांत क्रम लावला असेल तर ९६ टक्के लागतात. (किरकोळ उमेदवारांची साडेआठ हजार मतं सोडून दिली, त्याने फार फरक पडत नाही.)

आता रेड्डींचे मतदार कोण? बहुतेक काँग्रेसचेच. त्यातल्या ९२-९६ टक्क्यांनी कालपर्यंत उपराष्ट्रपती असलेल्या गिरींना जनसंघ-स्वतंत्रच्या उमेदवाराच्या खाली ठेवलं असेल? सिंडिकेटचा (काँग्रेसमधल्या इंदिराविरोधी ज्येष्ठ नेत्यांचा गट) इंदिरा गांधींवर कितीही राग असला तरी इतकी एकजूट मला शक्य वाटत नाही. आणि गिरींनी रेड्डींना समोरासमोर हरवलं, हे तर मोजलेलंच आहे. म्हणजे पहिली पसंती, पसंतीक्रम आणि बहुधा कोंदोर्से, तिन्ही कसोट्यांवर गिरीच. बर्लिंग्टनमध्ये मॉन्ट्रोल फार मागे नव्हता, इथे देशमुख फारच मागे होते.

बोस्टनकर:
सुंदर! मॉन्ट्रोलची पहिली पसंती किसच्या जवळजवळ ऐंशी टक्के होती, देशमुखांची रेड्डींच्या छत्तीस टक्के. फरक स्पष्ट आहे.

रानजाई:
@निवांत_वाचक, मनापासून आभार. हे ९२ टक्क्यांचं गणित मला हवं होतं. माझ्या प्रश्नातल्या 'समजा सगळ्यांना' या दोन शब्दांवर किती ओझं होतं ते आता आकड्यात दिसतंय.

पण त्यातून दुसरा प्रश्न निघतो. देशमुख बाद झाल्यावर रेड्डींच्या बेरजेत ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या १८,५६२ ची. १०,८३३ मतं पुढे गेलीच नाहीत (यात किरकोळ उमेदवारांचीही आली). जनसंघ-स्वतंत्रच्या आमदार-खासदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी अशी बोलणी झाली होती, त्यावरूनच तर काँग्रेसमधला वाद आणखी पेटला. निकालातला फरक १४,६५० चा. गिरींकडे गेलेली ती अठरा हजार तिकडे वळली असती तर?

निवांत_वाचक:
त्यातली सुमारे चाळीस टक्के वळली तरी पुरे होतं: ७,३२५ हून जास्त. एका खासदाराचं मत ५७६ चं, म्हणजे तेरा खासदार.

सदू_पेठकर:
तेरा! आता राज्यवार आकडे कुणाकडे असतील तर टाका. महाराष्ट्रातल्या आमदारांची देशमुखांना किती होती ते मला बघायचंय.